हार्ट अटॅकनंतरचे रक्ताचे रिपोर्ट: कोणता आकडा पुढचं सांगतो, कोणता नुसता घाबरवतो

पंचगंगाकाठ

कार्डियाक आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर कोल्हापूर काय, सांगली काय, संवाद एकच. "ट्रोपोनिन किती आलं?" "अठरा हजार." की लगेच रिपोर्टचा फोटो पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जातो आणि रडारड सुरू. त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा आकडा) २.१ छापलेलं असतं, तिकडं कुणी ढुंकून बघत नाही.

अटॅक आहे का हे ठरवणं वेगळं, आणि आलेल्या अटॅकातून माणूस निभावेल का हे सांगणं वेगळं. पहिल्या कामात ट्रोपोनिनला, म्हणजे हृदयाचा स्नायू मेला की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाला, तोड नाही. दुसऱ्या कामात त्याचं वजन लोक समजतात त्याहून बरंच कमी आहे. ग्रेस स्कोअर, म्हणजे मृत्यूचा धोका मोजणारा गुणांचा तक्ता, मांडून बघा. २००३ मध्ये ११,३८९ रुग्णांच्या नोंदींवरून बांधलेला हा स्कोअर आठ गोष्टी विचारतो: वय, नाडी, वरचा बीपी, क्रिएटिनिन, किलिप वर्ग (हृदय कमी पडून फुप्फुसांत पाणी किती साचलंय), येताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला एसटी हा भाग वर-खाली सरकलाय का, आणि कार्डियाक एन्झाइम (इथं ट्रोपोनिन) वाढलेत का.

समजा रुग्ण ६२ वर्षांचा. वयाचे ५८ गुण. नाडी १०४, त्याचे १५. बीपी १०८, त्याचे ४३. क्रिएटिनिन १.७, त्याचे १३. फुप्फुसांच्या तळाशी करकर ऐकू येते म्हणजे किलिप २, त्याचे २०. एसटी दबलेलं, २८. ट्रोपोनिन वाढलेलं, १४. बेरीज १९१. तक्त्यात १९० गुणांसमोर हॉस्पिटलमधल्या मृत्यूचा अंदाज १३ टक्के आहे. आता हाच माणूस घ्या, फक्त फुप्फुसं स्वच्छ आणि क्रिएटिनिन ०.९. बेरीज १६५ वर येते आणि अंदाज ५.४ ते ७.३ टक्क्यांच्या मधे, म्हणजे निम्म्यावर. दोन्ही वेळा ट्रोपोनिनचे गुण तेच १४, मग आकडा ६० असो वा १८,०००.

तर प्रश्न असा: रक्तातलं काय, कधी काढावं, आणि त्यावर कितपत विसंबावं? जाणकारांनी लिहा. "आमच्या काकांना…" छापाचे किस्से नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

आंबोलीवळण

तालुक्याच्या बाजूनं लिहितो. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. तिथं हातात असतं ते ट्रोपोनिनचं कार्ड, दोन रेघा उमटणारं. ते हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणारं, नसतं. दुखायला लागून दोन तासांत कोरी रेघ आली तर त्याचा अर्थ शून्य, कारण ट्रोपोनिन रक्तात नीट दिसायलाच साधारण ३-४ तास लागतात. आणि एसटी उचललेलं दिसत असेल तर कार्डाची वाटसुद्धा बघायची नाही. ईसीजी, ॲस्पिरिन, गाठ विरघळवायचं औषध द्यायचं की नाही याचा निर्णय, आणि १०८. रिपोर्ट मागून येईल.

दुसरी एक गोष्ट हटकून चुकते. टेनेक्टेप्लेज (गाठ विरघळवायचं औषध) देऊन रुग्ण कोल्हापूरला पाठवला आणि रक्तवाहिनी उघडली, की साचलेलं ट्रोपोनिन एकदम रक्तात धुऊन येतं. शिखर लवकर आणि उंच दिसतं. नातेवाईक म्हणतात, "तिकडं कमी होतं, इथं आणल्यावर वाढलं, औषध लागू पडलं नाही." उलटं असतं ते. औषध लागलं का हे ईसीजीवर बघायचं: ६० ते ९० मिनिटांत एसटी निम्म्याहून खाली बसलं का, दुखणं थांबलं का.

सेंट्रीफ्यूज

लॅबकडून चार गोष्टी. भांडणं बहुतेक इथंच असतात.

आधी एकक. एक लॅब ०.०१४ लिहिते, दुसरी १४. पहिली नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसरी नॅनोग्रॅम प्रति लिटर. आकडा एकच आहे, मधे हजारचा गुणाकार. त्यात ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय ही वेगवेगळी प्रथिनं. टी एकाच कंपनीच्या तंत्रानं मोजतात, हाय-सेन्सिटिव्हिटी टीची वरची हद्द १४. आयची हद्द प्रत्येक कंपनीची निराळी, बायका-पुरुषांची निराळी. शाहूपुरीतल्या लॅबचं टी ९०० आणि राजारामपुरीतल्या लॅबचं आय १८,००० यांचा भागाकार करून "वीसपट वाढलं" म्हणणारे महाभाग आहेत. मालिका एकाच यंत्रावर, एकाच प्रकारच्या नळीत घ्या. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) तर सीरम, हेपरिन प्लाझ्मा (हेपरिन या औषधानं गोठू न देता वेगळं केलेलं) तर हेपरिन प्लाझ्मा.

नळीचा मुद्दा किरकोळ समजू नका. अटॅकचा रुग्ण हेपरिनवर असतो, त्याचं रक्त लाल नळीत लवकर गोठत नाही. घाईनं फिरवलं की सीरममध्ये फायब्रिनचे बारीक धागे राहतात, ते यंत्राच्या सुईत किंवा कणांवर अडकतात, आणि ट्रोपोनिन आय खोटंच चढं येतं. संशय आला तर तोच नमुना पुन्हा फिरवून पुन्हा लावा. दुसऱ्यांदा आकडा कोसळला, तर पहिला धाग्याचा होता.

भरण्याचा क्रम: निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. जांभळीतलं रक्त लालमध्ये ओतून "पुरवून घेतलं" की पोटॅशियम ७-८ आणि कॅल्शियम तळाला. ईडीटीएचं मीठ पोटॅशियमचंच असतं, आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. असा रिपोर्ट दिसला तर उपचार करण्याआधी नमुना परत मागवा.

बायोटिन हे जीवनसत्त्व. केस-नखांच्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असतं. ज्या यंत्रांत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरलेली आहे, तिथं त्यामुळं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. केसपेपरवर एक ओळ वाढवायला काय जातंय?

अकरावीगल्ली

@सेंट्रीफ्यूज, नाद खुळा. पण मूळ प्रश्न राहिला. सेट काढल्यावर नेमकं कोणतं ट्रोपोनिन भविष्य सांगतं? पहिलं, शिखराचं की चौथ्या दिवसाचं?

किलिप_तीन

हृदयरोगाच्या बाजूनं उत्तर देतो.

पहिल्या आकड्यावर वेळेचा भार फार. तीन तासांनी आलेला आणि बारा तासांनी आलेला, दोघांचे पहिले आकडे एका पट्टीवर धरताच येत नाहीत. शिखर इन्फार्क्टच्या, म्हणजे मेलेल्या स्नायूच्या, आकाराशी बऱ्यापैकी जुळतं, पण रक्तवाहिनी कधी उघडली त्यावर ते हलतं. ७२ ते ९६ तासांच्या दरम्यानचं ट्रोपोनिन टी आकाराशी चांगलं जुळतं, कारण धुऊन येण्याचा लोंढा तोवर ओसरलेला असतो. फक्त तोवर प्रतिध्वनिचित्र, म्हणजे आपलं साधं टू-डी इको, झालेलं असतं. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकतं) ३० टक्के दिसत असताना ट्रोपोनिन टीचा चौथा नमुना काढून फारसं काही हाती येत नाही.

रोज ट्रोपोनिन पाठवणं मात्र थांबवा. ते १ ते २ आठवडे वरच राहतं. पुन्हा दुखलं तर त्या क्षणी एक आणि ३ ते ६ तासांनी एक. दुसरा पहिल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढलेला असेल तर नवा अटॅक धरायचा. पूर्वी याच कामासाठी सीके-एमबी (स्नायूतलं एक एन्झाइम) वापरत, ते दोन-तीन दिवसांत उतरतं म्हणून.

किडनी बिघडलेल्या रुग्णात ट्रोपोनिन टी बारमाही चढं असतं. तिथं एकट्या आकड्याला अर्थ नाही, चढ-उतार बघायचा. पण "किडनीमुळं आहे, सोडून द्या" असंही नको. अशा रुग्णात बारमाही चढं ट्रोपोनिन हीच स्वतः वाईट खूण आहे.

माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा पैसा एनटी-प्रोबीएनपीवर खर्च करावा. ट्रोपोनिन सांगतं स्नायू किती मेला. एनटी-प्रोबीएनपी सांगतं उरलेल्या स्नायूवर ताण किती आहे. पुढच्या महिन्यांत माणसाला हार्ट फेल्युअर होईल का, तो वाचेल का, याचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी जास्त.

अकरावीगल्ली

मग बीएनपी का नको? ते त्याच रेणूचं आहे ना?

किलिप_तीन

प्रोबीएनपी तुटलं की दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचं बीएनपी हे काम करणारं, आणि ७६ चा एनटी-प्रोबीएनपी हा निष्क्रिय तुकडा. बीएनपीचं अर्धायुष्य सुमारे २० मिनिटं, एनटी-प्रोबीएनपीचं तास-दोन तास. बीएनपी बाहेर ठेवलं की नासतं, प्लास्टिकची ईडीटीए नळीच लागते, ४ तासांच्या आत लावावं लागतं. गडहिंग्लजहून येणाऱ्या नमुन्याचं बीएनपी म्हणजे नशिबाचा खेळ. एनटी-प्रोबीएनपी सीरममध्ये निवांत टिकतं.

आणखी एक. सॅक्युबिट्रिल असलेली गोळी सुरू असेल तर ती बीएनपी तोडणारं नेप्रिलायसिन हे विकर (एन्झाइम) अडवते, त्यानं बीएनपी वाढतं. एनटी-प्रोबीएनपी त्या विकराच्या वाटेला जातच नाही, म्हणून अशा रुग्णात तेच बघायचं.

वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वय आणि किडनी आकडा वर नेतात. एट्रियल फिब्रिलेशनही (हृदयाचे अनियमित ठोके) नेतं. लठ्ठपणा खाली नेतो. शंभर किलोच्या माणसाचं ४०० हे बारीक माणसाच्या ४०० पेक्षा जास्त गंभीर असू शकतं. तीव्र हार्ट फेल्युअर नाही असं म्हणायला ३०० च्या खाली. आहे म्हणायला ५० वर्षांखाली ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, त्यावर १८००. हे आकडे दम लागलेल्या रुग्णाच्या निदानासाठी आहेत, अटॅकनंतरच्या आयुष्याची रेषा म्हणून आखलेले नाहीत. ही गल्लत रोज होते.

सेंट्रीफ्यूज

वेळेबद्दल पुस्ती. बीएनपीचं पहिलं शिखर साधारण १६ ते २४ तासांत येतं, आणि मोठ्या इन्फार्क्टमध्ये पाचव्या दिवसाच्या आसपास दुसरा उंचवटा दिसतो. म्हणून रिपोर्टवर "दुखणं सुरू झाल्यापासून किती तास" हे लिहिलेलं हवं. फॉर्मवर ती चौकट असते, भरत कुणी नाही.

पी_व्हॅल्यू

आता थोडं पाणी ओततो. "अमुक मार्कर (रक्तातली खूण) मृत्यूशी स्वतंत्रपणे निगडित" असे निबंध पोत्यानं आहेत: जीडीएफ-१५, एसटी-२, गॅलेक्टिन-३, कोपेप्टिन, मायक्रोआरएनए. निगडित असणं आणि उपयोगी असणं यात अंतर आहे.

समजा १०० रुग्ण, त्यातले ८ दगावणार. एखादा मार्कर त्या ८ पैकी ६ पकडतो, फारच छान. पण वाचणाऱ्या ९२ पैकी ३० जणांवरही तो लाल शिक्का मारतो. लाल शिक्क्याचे एकूण ३६, त्यातले दगावणार ६. सहात एक. त्या ३६ घरांना काय सांगणार तुम्ही? ग्रेसचा सी-स्टॅटिस्टिक (दगावणारे आणि वाचणारे वेगळे ओळखायची ताकद, १ म्हणजे अचूक) मुळात ०.८३ आहे, त्यावर नवीन मार्कर घालून तो किती हलतो हे विचारायचं. बहुतेकदा दुसऱ्या दशांशात थोडंसं.

दुसरं, निवडीचा दोष. २००८ च्या क्रिएट नोंदणीत भारतातले २०,४६८ रुग्ण होते, सरासरी वय ५७.५. दुखणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठायला लागलेला मध्यक वेळ (निम्मे त्याआधी पोचले, निम्मे नंतर) ३६० मिनिटं. सहा तास! एसटी उचललेल्या अटॅकात ३० दिवसांतले मृत्यू ८.६ टक्के. जे हॉस्पिटलपर्यंत पोचले तेच मोजले गेले, वाटेत गेलेले कुठल्याच सांख्यिकीत नाहीत. युरोपात लवकर काढलेल्या नमुन्यांवर ठरवलेली रेघ राधानगरीहून आलेल्या माणसाला जशीच्या तशी लावली की अंदाज तिरका जाणारच.

आणि मायक्रोआरएनएच्या जुन्या निबंधांवर जरा जपून. हेपरिन पीसीआरला, म्हणजे मायक्रोआरएनए मोजायच्या तपासणीला, अडवतं. अटॅकच्या रुग्णाला हेपरिन दिलेलं असतंच. "अटॅकात अमुक मायक्रोआरएनए कमी झालं" यातलं किती अटॅकामुळं आणि किती हेपरिनमुळं, हे आधी बघा.

किलिप_तीन

@पी_व्हॅल्यू, बाकी मान्य, पण जीडीएफ-१५ ला तुम्ही एकाच पोत्यात घातलंत. १२०० आणि १८०० या रेघांवर ते मृत्यूचा धोका ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपीच्या जोडीनंही वेगळा दाखवतं, हे बऱ्याच मालिकांत पुन्हा पुन्हा आलंय.

पी_व्हॅल्यू

आलंय. आणि मेटफॉर्मिननं ते वाढतं हेही आलंय. अटॅकच्या वॉर्डात मधुमेही किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आकडा चढा आला तर रुग्णाच्या उपचारात तुम्ही कोणता बदल करणार?

किलिप_तीन

बदल काही नाही, हे खरं. म्हणूनच मीही पाठवत नाही.

आंबोलीवळण

मग सीआरपीचं, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या आकड्याचं, काय? रंकाळ्यावर फिरायला येणाराही आजकाल "एचएस-सीआरपी केलं का?" विचारतो.

सेंट्रीफ्यूज

अटॅकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी चढणारच, मेलेला स्नायू साफ करायची ती सूज आहे. त्या दिवशीच्या आकड्यावरून कायमस्वरूपी धोका काढू नका. महिना उलटल्यावर, सर्दी-ताप-दातदुखी नसताना, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा. दोन्ही वेळा २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर उरलेली सूज म्हणता येईल. १० च्या वर आलं तर आधी संसर्ग शोधा. इथंही एककाची गंमत आहे, काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देतात. तिथं ०.५ म्हणजे ५.

किलिप_तीन

आणि पुढं करायचं काय, यावर घोडं अडतं. २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,०६१ रुग्ण होते, अटॅक होऊन गेलेले, सीआरपी २ किंवा वर. कॅनाकिनुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेनं हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या, पण एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही आणि संसर्गानं मृत्यू वाढले. कोल्चिसिन हे सूज उतरवणारं दुसरं औषध स्वस्त, ०.५ मिलिग्रॅम रोज. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत ४,७४५ रुग्णांत फायदा दिसला, २०२४ च्या क्लिअर सिनर्जीत ७,०६२ रुग्णांत दिसला नाही. सीआरपी चढं म्हणून स्वतःच मेडिकलमधून कोल्चिसिन आणून सुरू करू नका. किडनी कमी असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर ते विषारी पातळीला जातं.

दसराचौक

आयसीयूत काम करते. इतका वेळ वाचतेय, स्वस्तातल्या तपासण्यांवर कुणी बोलेना म्हणून लिहिते.

शॉकमधल्या, म्हणजे हृदय रक्त ढकलायला कमी पडलेल्या, रुग्णात लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की रक्तात साचणारं) बाकी सगळ्यांना मागं टाकतं. २ च्या वर गेलं की अवयवांना रक्त पुरत नाही. अशा रुग्णांचा मृत्यूचा धोका मोजणाऱ्या आयएबीपी-शॉक २ स्कोअरमध्ये सहाच गोष्टी आहेत: वय ७३ च्या वर, पूर्वी पक्षाघात, साखर १९१ च्या वर, क्रिएटिनिन १.५ च्या वर, लॅक्टेट ५ च्या वर, आणि अँजिओप्लास्टीनंतरही पूर्ण प्रवाह नसणं. त्यात लॅक्टेटला २ गुण, क्रिएटिनिनला १, साखरेला १. सहातल्या तीन गोष्टी रक्तातल्याच, आणि तिन्ही कुठल्याही लॅबात होतात. पहिल्या लॅक्टेटपेक्षा आठ तासांनंतरचं जास्त बोलतं, ३.१ च्या वर राहिलं तर काळजी. निव्वळ रक्तावर चालणारा क्लिप स्कोअरही आहे: सिस्टॅटिन सी, लॅक्टेट, इंटरल्युकिन-६ आणि एनटी-प्रोबीएनपी. पण इंटरल्युकिन-६ रात्री दोन वाजता कोण लावून देणार?

पोटॅशियम ३.५ ते ४.५ मध्ये असताना मृत्यू सगळ्यात कमी, हे २०१२ च्या अभ्यासात ३८,६८९ रुग्णांवर दिसलं. ४.५ च्या वर गेलं की वाढू लागतात. तरी "४ च्या खाली येऊ देऊ नका, ५ पर्यंत चालेल" हा जुना हट्ट राउंडला अजून ऐकू येतो.

हिमोग्लोबिन आलं की बघा. ते ८ च असलेल्या बाईला आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायू कमीच मिळतो. रक्त कधी चढवायचं यावर २०२३ च्या मिंट चाचणीत ३,५०४ रुग्ण होते. १० च्या खाली चढवणाऱ्या गटात ३० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा अटॅक १४.५ टक्के, ७-८ पर्यंत थांबणाऱ्यात १६.९. फरक सांख्यिकीच्या रेघेपर्यंत पोचला नाही, पण झुकाव कुठं आहे ते दिसतं.

पंचगंगाकाठ

ताई, हेच हवं होतं. म्हणजे आल्या आल्या: ट्रोपोनिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, सीबीसी, लिपिड. अंग गार, लघवी कमी, बीपी ९० च्या खाली असेल तर लॅक्टेट लगेच आणि आठ तासांनी. एनटी-प्रोबीएनपी एकदा, घरी सोडायच्या आसपास. सीआरपी महिन्यानंतर, तेही गरज वाटली तर. बरोबर?

किलिप_तीन

लिपिड पहिल्या २४ तासांतच काढा. त्यानंतर अटॅकच्या धक्क्यानं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खाली घसरतं आणि "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, गोळी कशाला" असा गैरसमज होतो. ४ ते ६ आठवड्यांनी परत बघा, ५५ मिलिग्रॅमच्या खाली यायला हवं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सीबीसीच्याच जांभळ्या नळीत होतं. लायपोप्रोटीन-ए (आनुवंशिक चरबीचा कण) आयुष्यात एकदा, घाई नाही.

आंबोलीवळण

लॅक्टेटचा नमुना तालुक्यातून कोल्हापूरला पाठवायचा तर कसा? पावसाळ्यात गगनबावड्याचा रस्ता बंद झाला की गाडी चार तास अडकते.

दसराचौक

लॅक्टेट पाठवायच्या भानगडीत पडूच नका, जिथं रुग्ण आहे तिथंच रक्तवायू यंत्र असेल तर त्यावर लावा. नसेल तर करडी फ्लोराइड नळी, दंडाला पट्टा शक्यतो न बांधता, रुग्णाला मूठ आवळायला न सांगता. मूठ आवळली की लॅक्टेटही वाढतं आणि पोटॅशियमही. नळी ८-१० वेळा हलक्या हातानं उलटी करा, बर्फात ठेवा.

सेंट्रीफ्यूज

आणि साखरही त्याच करड्या नळीत. साध्या लाल नळीत न फिरवता ठेवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. चार तासांत २०० ची १५० च्या आसपास येईल आणि शॉकच्या स्कोअरमधला एक गुण वाटेतच गळेल. सीरम-प्लाझ्मावर होणाऱ्या तपासण्यांचे नमुने तिथंच फिरवून प्लाझ्मा वेगळा करून पाठवा. न फिरवलेली नळी खड्ड्यांच्या रस्त्यानं व्हॅक्सिन कॅरियरमध्ये आदळत आली की पेशी फुटतात. पोटॅशियम खोटं वाढतं, ट्रोपोनिन टी खोटं कमी येतं, काही यंत्रांवर ट्रोपोनिन आय उलट वाढतं. सीरम गुलाबी दिसलं तर रिपोर्टवर तसा शेरा मारतो, तो वाचत चला.